सावकाश भरणारं मशीन

माझ्या कॉम्प्युटरला सहा तोंडं आहेत. पुढं दोन, मागं चार. गिऱ्हाईक पेनड्राईव्ह नाहीतर मोबाईलचं कार्ड घेऊन येतं, ते या तोंडात खुपसायचं, गाणी भरायची आणि काढून द्यायचं. शेवगावात स्टँडच्या अंगाला एका गाळ्यात मी हे काम करत आलो. त्याआधी कॅसेटी भरल्या, मग सीड्या, मग कार्डं. शाळा चौथीत सुटली. इंग्रजी वाचता येत नाही, पण कुठल्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची ते कळतं. तेवढ्यावर आयुष्य निघालं.

या अंकात लिहा म्हणून एक मास्तर माझ्या मागं लागले. मी म्हणालो, माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही, एक अडचण आहे तेवढी. ते म्हणाले, मग अडचणच लिहा.

अडचण अशी की या सहाही तोंडांचा वेग जुना आहे. आता जोरात चालणारी तोंडं निघालीत, आतून निळ्या रंगाची. ती बसवून घ्यायची का नाही, एवढाच प्रश्न. चांगल्या माणसाला चहा पिता पिता सुटेल असा. मला वर्षाच्या वर लागलं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांना सांगतो. गाणी म्हणजे पाणी समजा. कॉम्प्युटरच्या पोटात डिस्क असते, ती विहीर. तोंड म्हणजे पाईप. गिऱ्हाइकाचा पेनड्राईव्ह म्हणजे वावर. आता दोन इंची पाईप काढून चार इंची टाकला म्हणून पाणी दुप्पट येईलच असं नाही. विहिरीला झरा पाहिजे आणि जमिनीनं पाणी पिलं पाहिजे. जत्रेत घेतलेला स्वस्तातला पेनड्राईव्ह म्हणजे खडकाळ वावर. त्याला कालवा सोडा, ते आपल्याच गतीनं पिणार. काही तर नुसते डबे असतात. वर लिहिलंय चौसष्ट, आत चार मावत नाही. गिऱ्हाईक भांडतं माझ्याशी. मी म्हणतो, बाबा, पोत्यावर लिहिलंय साखर आणि निघालं मीठ, तर मापाड्याला का मारतोस?

हे शहाणपण मला फुकट मिळालं नाही. नगरला गेलो होतो. गावाचं नाव आता बदललंय, पण माझी जीभ जुनी आहे. तिथं एका दुकानात एक चपटी डबी दिसली, तिला चार निळी तोंडं. तिची शेपटी आपल्या कॉम्प्युटरात खुपसायची, झालं. मला वाटलं, जिंकलो. आणली, लावली. वेग होता तेवढाच. दिवसभर खटपट केली आणि शेवटी रफिकभाईला बोलावलं. रफिकभाई म्हणजे आमच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. माझ्याहून बराच लहान, पण केस माझ्याहून पांढरे.

त्यानं डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि हसायला लागला.

"नाना, हिची शेपटी घातली कुठं?"

"घातली की, पुढच्या तोंडात."

"ते तोंड जुनं. मग चार रस्ते हायवे करा नाहीतर आठ, शेवटी सगळे बोळातच यायचे ना? तोंडाला हळद लावली म्हणून कोणी नवरदेव होतं का?"

"तुला हसाया काय जातंय? इलाज सांग."

त्यानं मशीनचं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात आत डोकावून बघितलं. म्हणाला, "बोर्डावर एक बारकी खाच मोकळी हाय. तिच्यात नवं कार्ड बसतं. त्याला खरीखुरी निळी तोंडं असतात. जुनी सहा हायेत तशीच राहतील. पण आधीच सांगतो, तुमची विहीर म्हातारी. नव्या पेनड्राईव्हला फरक पडंल, फुसक्याला पडनार न्हाई. बसवू?"

मी म्हणालो, "थांब जरा. इचार करतो."

तो थांबला. पुढच्या महिन्यात आला, मी परत म्हणालो विचार करतो. तिसऱ्यांदा तो बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "नाना, तुमचा धंदा भरून देण्याचा हाय का ताटकळत ठिवण्याचा?"

त्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून इथं लिहितो.

आमच्या पूर्वेकडचा भाग कोरडा. दसरा झाला की पाथर्डीकडच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. अशा कोयत्यांची टोळी. भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. तिकडं उसाच्या फडात पाचटाच्या कोप्या घालून राहायचं, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत. जाण्याआधी माणसं शेवगावात बाजाराला येतात आणि बाप्ये माझ्याकडं गाणी भरायला. ट्रॅक्टरवाले तर आधी. त्यांच्या टपावर एवढाले भोंगे असतात. भरल्या उसाची ट्रॉली रात्रंदिवस ओढायची, तर डोळ्याला डोळा लागू नये म्हणून गाणी पाहिजेत.

गाळ्याच्या मागच्या भागात एक पडदा होता. अजून आहे. पडद्याआड स्टोव्ह, पाण्याचा माठ, एक सतरंजी आणि आमची पारू. पारू म्हणजे माझी बायको. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणायची. घरून डबा घेऊन यायची ती संध्याकाळपर्यंत तिथंच. बाप्ये माझ्यापुढं बाकड्यावर बसायचे, बाया आत तिच्याजवळ.

पहिली बाई कोण होती ते आता आठवत नाही. तिचा नवरा बाहेर मला गाण्यांची फर्माईश सांगत होता आणि ती आत रडत होती. लेकरू सासूजवळ ठेवून चालली होती. शाळा बुडू नये म्हणून ठेवायची, नाहीतर फडात हाल नकोत म्हणून. पारूला रडणं सोसत नसे, पण ती गोड बोलणाऱ्यातली नव्हती. तिनं आपला बटनाचा मोबाईल त्या बाईच्या तोंडापुढं धरला आणि म्हणाली, "हितं रडून काय उपेग? त्याला काय सांगायचंय ते ह्यात सांग. सासूच्या फोनच्या कार्डात घालून दिऊ. रोज झोपताना लावंल ती."

तिथून ते सुरू झालं. आम्ही त्याला सांगावा म्हणायचो. दर साली दसऱ्यानंतर बाया यायच्या, पदराच्या गाठीला सासूचं नाहीतर आईचं कार्ड बांधून. पारूचा एकच कायदा होता.

"रडायचं असंल तर आदी रडून घे. मग बटन दाबते. लेकराला रडणं ऐकवायचं न्हाई."

त्यामुळं सांगाव्यात रडू नसायचं. आज्जीला तरास दिऊ नको. शेळीमागं हिरीकडं जाऊ नको. नखं कापून घे, मातीत खेळतोस. वाकळ लाथाडू नको. एका बाईनं एवढंच सांगितलं की खालच्या मडक्यात शेंगदाण्याचे लाडू हायेत, एकदम खाऊ नको, दादाला दावू नको. बास. ऐकून मी बाहेर हसलो आणि मग उगाच मशीनवरची धूळ पुसत बसलो.

पण रडून व्हायला वेळ लागतो. नवरा तर बाहेर पाय आपटत उभा. त्याचं कार्ड भरलं की हाक मारणार, चल गं, टेम्पो सुटंल. एकदा हाक आली की सांगावा राहिला. आता लगेच चिडू नका. नवरे काही राक्षस नव्हते. पण बायको लेकरासाठी रडते हे बाप्याला बघवत नाही, म्हणून तो घाई करतो. मीही तसलाच.

इथं माझं मशीन कामाला यायचं. ते सावकाश भरायचं. आणि तेवढंही पुरलं नाही तर आतून पारूचा आवाज यायचा, "अहो, साखर कुठं ठिवली?"

मी जन्मात साखरेच्या डब्याला हात लावलेला नाही. ती आमची खूण होती. आतलीचं अजून रडून झालं नाही, तुम्ही थांबवा. मी म्हणायचो, "बघ, डब्यामागं असंल." म्हणजे कळलं. मग मी पेनड्राईव्ह उपटायचो, परत घालायचो आणि नवऱ्याला सांगायचो, फाईल खराब निघाली, परत भरावं लागंल. या खोट्याची मला कधी लाज वाटली नाही. गिऱ्हाइकं आपसात म्हणायची, नानाच्या घरात साखर रोज हरवती. एकानं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, मावशीला इसरभोळेपणाची गोळी चालू करा. घरी जाताना आम्ही दोघं त्यावर हसत गेलो. खूण ठाऊक होती ती आम्हा दोघांनाच.

सावकाशीचे आणखीही गुण होते. घोडेगावच्या बैलबाजारातला एक व्यापारी यायचा. बैलांच्या चालीचे व्हिडिओ काढून आणायचा, ते कार्डात भरून लांबच्या गिऱ्हाइकांना धाडायचा. एकदा म्हणाला, "नाना, हा बैल मधी जरा लंगडतोय, तेवढं कापा."

पडद्यामागून पारू बोलली, "कापा की वो. आन् घेणाऱ्याच्या दावणीला गेल्यावर कोन कापनार?"

"मावशी, तुमी चहा करा."

"चहा करतेच हाय. कुनाच्या बैलाला लंगडा म्हनाया चहा सोडावा लागत न्हाई."

मशीन चालू होतं, हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. चहा झाला. बैल कुणाला विकायचाय ते त्यानं आपणहून सांगितलं, त्याच्या मेव्हण्याच्या गावचा माणूस. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या नाना, नका कापू. लंगडतोय तर लंगडतोय." जोरात चालणाऱ्या मशीननं तो बैल धडधाकट करून विकला असता, एवढंच माझं म्हणणं.

गेल्या साली पोळ्याच्या आधी पारू गेली. दुखणं लांबलं नाही. लोक म्हणाले, बरं झालं, सुटली. मी म्हणालो, ती सुटली, मी कुठं सुटलो? लोकांना असलं बोललेलं आवडत नाही. मग मी लोकांशी बोलणं कमी केलं.

दहावं-तेरावं झाल्यावर गाळा उघडला आणि एक काम केलं. सांगाव्यांची एकेक प्रत मी मशीनमध्ये ठेवून द्यायचो. कार्डं खराब होतात, मग म्हाताऱ्या परत भरून न्यायला येतात, म्हणून. ते सगळे सांगावे मी पहिल्यापासून लावले. कुठंतरी पारू सापडंल म्हणून. दिवसच्या दिवस ऐकत बसलो. कितीतरी बाया बोलल्या, पारू एकातही नाही. तिचं बोलणं बटन दाबायच्या आधी झालेलं असायचं. एका ठिकाणी मागं कपबशी वाजते. ती पारूनं ठेवली का त्या बाईनं, सांगता येत नाही. मी ती जागा परत परत ऐकली. कपबशीवरून माणूस ओळखू येत नाही.

तिचा मोबाईल पडद्यामागं खिळ्याला लटकतोय. मी तो चार्जिंगला लावतो. कशाला, ते विचारू नका.

त्या सालचा दसरा गेला. बाप्ये आले, बाया दारात थांबल्या. आत कोण नाही म्हटल्यावर कशाला येतील? मशीन तसंच सावकाश चालत होतं आणि मी आणि बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसत होतो. कुणी म्हणायचं, "नाना, तुमचं मशीन म्हंजे बैलगाडी झाली." हळूहळू ट्रॅक्टरवाले स्टँडपलीकडच्या दुकानात जायला लागले. तिथं तंबाखू मळून होईस्तोवर भरून देतात.

असा मी अडकलो होतो. जुनी तोंडं ठेवली तर गाळा बंद पडणार. गाळा बंद पडला तर तो पडदा, तो खिळा, ती सतरंजी घेऊन मी कुठं जाऊ? नवी तोंडं बसवली तर गाळा चालणार, पण ज्या सावकाशीत पारूचा संसार होता ती जाणार. रफिकभाईला हे सांगितलं असतं तर त्यानं मला दवाखान्यात नेलं असतं. म्हणून म्हणत राहिलो, विचार करतो.

या सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी बाकड्यावर मी एकटाच होतो. कुणाचं तरी कार्ड भरत होतं आणि तो माणूसही बाहेर जाऊन उभा राहिला होता. मला एकदम राग आला, माझाच. ज्या माणसासाठी सावकाश करायचो ते माणूस नाही, मग सावकाश कुणासाठी? मेलेल्या विहिरीवर मोटार चालू ठेवल्यासारखं. उठलो, रफिकभाईला बोलावून आणलं आणि म्हणालो, बसव.

त्यानं ते कार्ड बोर्डाच्या खाचेत दाबलं, स्क्रू आवळला, मागून वायर काढून एक निळं तोंड पुढं आणून दिलं. त्याचाच एक चांगला पेनड्राईव्ह घालून बघितला. हिरवी पट्टी अशी पळाली की मी चष्मा काढून पुसला.

"काय नाना, खूष?"

"चालतंय का ते बघितलं. चालतंय."

"तुमचं तोंड बघून वाटतंय की बंद पडलं."

औंदा दसरा झाला आणि ट्रॅक्टरवाले परत आले. बाळू आला तो बाहेर ट्रॅक्टर चालूच ठेवून. बाळू पाथर्डीकडच्या एका वाडीतला, लई वर्षांचं गिऱ्हाईक. तो ट्रॅक्टर चालवतो आणि त्याची बायको संगीता टोळीत अर्धा कोयता म्हणून जाते. त्याच्या हातात दोन पेनड्राईव्ह होते, एक त्याचा, एक जोडीदाराचा. दोन्ही नवे.

"नाना, लवकर. न्हाईतर मी चाललो पलीकडं."

मी त्याचा पेनड्राईव्ह निळ्या तोंडात घातला. तो तंबाखूची पुडी काढतोय तोवर झालं.

"आयला! नाना, म्हातारपनी घोड्यावर बसला व्हय!"

संगीता दारात उभी होती. तिनं पडद्याकडं बघितलं. "मावशी कुठंयत?"

"गेली," मी म्हणालो. "गेल्या साली."

तिनं तोंडावर पदर घेतला. गेल्या साली बाळंतपणामुळं ती आलीच नव्हती. बाळू खाली बघत म्हणाला, "मला कळलं हुतं. हिला सांगायचं ऱ्हायलं."

"सांगायचं ऱ्हायलं!" ती त्याला म्हणाली. "ट्रॅक्टरच्या टायरात हवा किती ते बरं सांगायचं ऱ्हात न्हाई."

मग मीच विचारलं, "कुनाला ठिवलंय औंदा?"

"थोरलीला. शाळंत घातलीय," बाळू म्हणाला. "आता काय काळजी न्हाई नाना, रोज फोनवर दिसंल की समदं. आजीला नवा फोन घिऊन दिलाय."

संगीता हळूच म्हणाली, "फोनवर ती रडंल. मग मीबी रडंन. मग आत्याबाई फोन बंद करतील."

तिची मूठ मिटलेली होती. त्यात काय आहे ते मला न बघता कळलं. सासूच्या जुन्या फोनचं कार्ड. नवा फोन आला तरी जुना घरात असतोच.

मला असलं बोलता येत नाही. ते खातं पारूचं होतं. मी पडद्याकडं बोट केलं. "आत जा. खिळ्याला मोबाईल हाय. चार्जिंग हाय. बटन तुला ठाव हाय." आणि मग पारूचं वाक्य माझ्या तोंडून निघालं, तेही ओरडल्यासारखं, "रडायचं असंल तर आदी रडून घे."

ती आत गेली. पडदा हलला आणि थांबला. बाळूनं जोडीदाराचा पेनड्राईव्ह पुढं केला. मी तो सवयीनं निळ्या तोंडात घातला आणि पट्टी पळायला लागली. आतून काही ऐकू येईना. बाहेर ट्रॅक्टर धडधडत होता. पट्टी शेवटाला आली. बाळूनं पुडी खिशात घातली, बाकड्यावरून उठला आणि हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पडद्यामागून संगीताचा आवाज आला, "नाना, साखर कुठं ठिवली वो?"

माझा हात मशीनवरच राहिला. मला वाटायचं ही खूण आम्हा दोघांचीच. आत बसून गेलेल्या सगळ्या बायांना ती ठाऊक होती, आणि इतक्या वर्षांत एकीनंही बाहेर बोलून दाखवलं नव्हतं.

"बघ," मी म्हणालो. "बघ, डब्यामागं असंल."

निळ्या तोंडातला पेनड्राईव्ह उपटला आणि शेजारच्या जुन्या तोंडात घातला.

"बस खाली," मी बाळूला म्हणालो. "फाईल खराब निघाली. परत भरावं लागंल."